‘काऽम’ : एका थंड शब्दाची तापलेली गोष्ट

इंग्लंडमध्ये राहत असाल तर ते लाल पोस्टर तुम्ही शंभर वेळा पाहिलं असेल. वर राजमुकुट आणि खाली ठळक पांढऱ्या अक्षरांत ‘कीप काऽम अँड कॅरी ऑन’. कपावर, टी-शर्टवर, टॉवेलवर, सगळीकडे. ब्रिटिश सरकारनं १९३९ मध्ये हे पोस्टर छापलं, तब्बल साडेचोवीस लाख प्रती. पण बॉम्ब पडायला लागल्यावर लावायचं म्हणून ते राखून ठेवलं आणि मग फारसं वापरलंच नाही. बहुतेक गठ्ठे रद्दीत गेले. सन २००० मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या ऍल्निक गावातल्या जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात त्याची एक प्रत सापडली आणि युद्धात कुणी न पाहिलेलं पोस्टर शांततेच्या काळात जगभर गाजलं.

आज आपल्याला बोलायचं आहे ते त्यातल्या दुसऱ्या शब्दाबद्दल. सी, ए, एल, एम. शाळेत आपल्यापैकी अनेकांनी तो ‘काल्म’ असा वाचला असेल. इथे आल्यावर कळलं की यातला एल बहुतेक लोक गिळतात आणि उच्चार होतो ‘काऽम’. म्हणजे मराठी कानाला चक्क ‘काम’! साहेब म्हणतो शांत राहा, आणि आपल्याला ऐकू येतं काम करा. (संस्कृतातला ‘काम’ म्हणजे तर वासना, म्हणजे शांततेचं आणखीनच उलटं टोक.)

हा झाला ध्वनींचा योगायोग. पण या शब्दाच्या पोटात याहून मोठी गंमत दडली आहे, आणि ती योगायोगाची नाही. ‘काऽम’ या शब्दाचा मूळ अर्थ शांत असा नव्हताच. तो होता भाजून काढणारं ऊन.

ऊन, चटका आणि शाई

प्राचीन ग्रीक भाषेत ‘काइएन’ म्हणजे जाळणे. त्यावरून ‘काउमा’ म्हणजे होरपळ, विशेषतः उन्हाची. हा शब्द उत्तरकालीन लॅटिनमध्ये जसाच्या तसा गेला. इसवी सन ४०० च्या आसपास संत जेरोमनं बायबलचं लॅटिन भाषांतर केलं, त्यात ईयोबाच्या पुस्तकात हाडं करपून टाकणाऱ्या दाहासाठी हाच शब्द आहे. पुढे इटालियनमध्ये त्याचा ‘काल्मा’ झाला. मधला ‘ल’ बहुधा ‘कालोर’ म्हणजे उष्णता या दुसऱ्या लॅटिन शब्दाच्या संगतीनं शिरला. ‘कॅलरी’ त्याच ‘कालोर’मधून आली. इटालियन आणि फ्रेंच वाटेनं हा शब्द चौदाव्या शतकाच्या अखेरीला इंग्रजीत पोहोचला, तो ‘शांत’ हा अर्थ घेऊन. बहुतेक शब्दकोशकार आज हीच वंशावळ देतात.

त्याच ग्रीक ‘जाळण्या’ची बाकीची वंशावळ पाहा. मोरी साफ करायला वापरतात तो कॉस्टिक सोडा यातला ‘कॉस्टिक’ म्हणजे जाळणारा. शस्त्रक्रियेत रक्त थांबवण्यासाठी डाग देतात ती ‘कॉटरी’. ‘होलोकॉस्ट’ म्हणजे संपूर्ण जाळून दिलेली आहुती. आणि सगळ्यात अनपेक्षित नातेवाईक म्हणजे ‘इंक’, आपली शाई! रोमन सम्राट ज्या जांभळ्या शाईनं सही करत तिला ‘एन्काउस्टुम’ म्हणत, म्हणजे ‘भाजून पक्की केलेली’. तिचं फ्रेंचमध्ये ‘आंक्र’ आणि इंग्रजीत ‘इंक’ झालं. तर शांतता आणि शाई या एकाच आगीच्या लेकी.

मग आगीतून शांतता आली कशी? त्याचं उत्तर भूमध्य समुद्राकाठच्या दुपारीत आहे.

दुपारी १ ते ४

टळटळीत दुपार. पाखरू दिसत नाही. गुरं झाडाखाली बसलेली, माणसं घरात. ‘काउमा’ म्हणजे हे ऊन. उन्हामुळे मिळणारी सुट्टी म्हणजेही तेच. मग ती सुट्टी म्हणजे स्तब्धता. कारणाचं नाव परिणामाला मिळालं. भाषेत असं सारखं होतं. आपणही ‘पाऊस’ म्हणून पावसाळ्याचे चार महिने मोजतोच की.

या प्रवासातले मधले टप्पे युरोपच्या इतर भाषांत आजही सापडतात. पोर्तुगीजमध्ये ‘काल्मा’ म्हणजे शांतता, पण ‘काल्मोझो’ म्हणजे उकाड्याचं! त्या भाषेनं मुलगी आणि आजी दोघींना एकाच घरात ठेवलं आहे. फ्रेंचची गोष्ट याहून मजेशीर आहे. ‘काउमा’वरून लॅटिनमध्ये ‘काउमारे’ असं क्रियापद झालं, म्हणजे उन्हाच्या वेळी काम थांबवणे. त्याचं फ्रेंच रूप ‘शोमे’. आधी अर्थ होता दुपारी विसावणे, मग सणावारी काम बंद ठेवणे, आणि आता ‘शोमाज’ म्हणजे थेट बेरोजगारी. पॅरिसमध्ये नोकरी गेलेला माणूस ज्या नावाचा भत्ता घेतो त्या नावात ग्रीसचं ऊन आहे.

स्पॅनिश ‘सिएस्ता’चा उगम मात्र वेगळा. रोमन लोक सूर्योदयापासून तास मोजत. त्यातला सहावा तास, ‘सेक्स्ता’, म्हणजे मध्यान्ह. त्या तासाची झोप ती सिएस्ता. पोर्तुगीजांनी साडेचारशे वर्षं राज्य केलेल्या गोव्यात आजही दुपारी दुकानांची दारं ओढलेली दिसतात. आणि पुण्यातल्या दुपारी १ ते ४ बंद असणाऱ्या दुकानांवर विनोद करणाऱ्यांना आता ठामपणे सांगा की तो आळस नसून ‘काऽम’ या शब्दाचा मूळ आणि शुद्ध अर्थ आहे.

दुपारची ही स्तब्धता सगळ्यांनाच गोड वाटत नसे. आपल्याकडे आजी सांगायची, भर दुपारी बाराच्या ठोक्याला पिंपळाखाली जाऊ नको. ग्रीक गुराखीही त्या वेळी पावा वाजवायला घाबरत. पॅन हा रानदेव शिकारीनं दमून मध्यान्ही झोपतो आणि झोपमोड झाली तर चिडतो, अशी त्यांची समजूत होती. या पॅनच्या नावावरून इंग्रजीला शब्द मिळाला ‘पॅनिक’. म्हणजे शांत आणि घाबरगुंडी हे दोन विरुद्ध शब्द एकाच भूमध्य दुपारचे सोबती आहेत.

कायद्यातला ‘काउमा’

आखाती देशांत राहणाऱ्या वाचकांना ही जुनी गोष्ट वाटणार नाही. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला बंदी असते. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी दहा ते दुपारी साडेतीन. हे ‘काउमारे’चं एकविसाव्या शतकातलं कायदेशीर रूप आहे. परातीवर उभ्या असलेल्या कामगारासाठी तो शब्दांचा खेळ नाही, जीव वाचवणारा नियम आहे.

यामागचं विज्ञान थोडक्यात असं. आपलं शरीर आतून सतत उष्णता तयार करतं आणि ती बाहेर टाकावी लागते. हवा अंगापेक्षा गरम झाली की एकच वाट उरते, घाम. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता सोबत जाते. पण घाम नुसता येऊन चालत नाही, तो वाळावा लागतो. त्यासाठी हवा कोरडी हवी आणि वाहती हवी. वारा पडला की कातडीलगत दमट हवेचा एक थर साचून राहतो आणि घाम वाळण्याऐवजी ओघळतो. म्हणूनच थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळून मोजलेलं तापमान इथे महत्त्वाचं. हे ‘ओलं’ तापमान ३५ अंश सेल्सियसला पोहोचलं आणि काही तास टिकलं, तर सावलीत बसलेला, पाणी पिणारा धडधाकट माणूसही वाचणं कठीण. ही झाली कागदावरची कमाल मर्यादा. उन्हात ओझी वाहणाऱ्याचं शरीर त्याच्या कितीतरी आधी हार मानतं.

थोडक्यात, ज्या दुपारी वारा ‘काऽम’ असतो त्या दुपारी माणसानं ‘काम’ थांबवलेलं बरं.

वारा पडला

इंग्रजीत हा शब्द आला तो माणसाच्या मनासाठी नव्हे. आधी तो समुद्रासाठी वापरला गेला. ‘काऽम’ समुद्र म्हणजे वारा पडलेला, लाटा नसलेला समुद्र. मराठीत ‘वारा पडला’ म्हणतात, जणू तो उभा होता आणि आता आडवा झाला. कोकणच्या किनाऱ्यावर ही वेळ रोज येते. रात्री जमीन लवकर थंड होते आणि जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. दिवसा जमीन लवकर तापते आणि समुद्राकडून खारे वारे येतात. शिडाची होडी पहाटे मतलईवर निघे आणि दुपारी खाऱ्यावर परते. या दोन पाळ्यांच्या मधे जमीन आणि पाणी यांचं तापमान जवळपास सारखं होतं, दोन्ही बाजूंचं पारडं समान होतं आणि वारा पडतो.

शास्त्रात मोजमाप लागतंच. ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस बोफर्टनं १८०५-०६ च्या सुमारास वाऱ्याची एक श्रेणी आखली. तिच्यातला १२ म्हणजे तुफान आणि शून्य म्हणजे ‘काऽम’. आजच्या तक्त्यात शून्याची खूण अशी दिली आहे : धूर सरळ वर जातो. ताशी एक सागरी मैलापेक्षाही कमी वेग. पाणी आरशासारखं.

या शून्याचा एक अख्खा पट्टा पृथ्वीच्या पोटावरून जातो. विषुववृत्ताच्या आसपास, उत्तर गोलार्धातून आणि दक्षिण गोलार्धातून येणारे व्यापारी वारे जिथे भेटतात, तिथला हा पट्टा. इंग्रजीत याला ‘डोलड्रम्स’ म्हणतात. इथे वारा का पडतो? कारण ऊन! सूर्य इथे जवळजवळ डोक्यावर असतो. समुद्र तापतो, दमट हवा हलकी होऊन सरळ वर चढते, १५ किलोमीटरपर्यंत उंच ढग बांधते आणि कोसळणारा पाऊस पाडते. हवा वाहते आहे, भरपूर वाहते आहे, पण आडवी नाही, उभी. शिडाला हवा असतो आडवा वारा. उभ्या वाऱ्याचा शिडाला काडीचा उपयोग नाही. म्हणून जहाज जागच्या जागी खिळतं आणि अधूनमधून अंगावर येणारी वादळी सर सोडली तर पाण्यावर तरंगही उठत नाही.

म्हणजे भाषेनं जे नातं अजाणता जोडलं ते हवामानशास्त्रात खरोखरच आहे. ऊन आणि निश्चलता. ही निश्चलता हालचाल संपल्याची खूण नाही. हालचालीनं आपली दिशा बदलली, एवढाच तिचा अर्थ.

वर गेलेली ही हवा ध्रुवांच्या दिशेनं सरकते आणि साधारण ३० अंश अक्षांशांवर खाली उतरते. उतरताना ती दाबली जाते, तापते, कोरडी होते. तिथेही आडवा वारा मंद. हा शांततेचा दुसरा पट्टा. त्याला ‘अश्व अक्षांश’ असं चमत्कारिक नाव आहे. पाणी संपत आल्यामुळे जहाजावरचे घोडे इथे समुद्रात टाकावे लागत, अशी कथा त्याबद्दल सांगतात. जमिनीवर याच पट्ट्याच्या आसपास सहारा आणि अरबस्तानची वाळवंटं आहेत. दुबईच्या कोरड्या निळ्या आकाशाचं एक टोक असं विषुववृत्तावरच्या ढगांना बांधलेलं आहे.

आणि ‘डोलड्रम्स’ हा शब्द? तो उलट दिशेनं आला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचा अर्थ होता उदास, मरगळलेली मनःस्थिती. खलाशी म्हणत, जहाजाला मरगळ आली आहे. ऐकणाऱ्यांना वाटलं की डोलड्रम्स ही कुठली तरी जागा आहे आणि त्या नावाचा पट्टा नकाशावर उमटला! ‘काऽम’ समुद्रातून मनात गेला आणि ‘डोलड्रम्स’ मनातून समुद्रात.

शांततेची भीती

आज ‘शांत समुद्र’ म्हटलं की आपल्याला सुट्टीची जाहिरात आठवते. शिडांच्या काळात तो शब्द ऐकून पोटात गोळा येई. पिण्याचं पाणी मोजून वाटायचं, अन्नाला कीड, आणि वारा कधी उठेल ते कुणालाच ठाऊक नाही. जर्मन कवी ग्योटेनं याच विषयावर दोन कवितांची जोडी लिहिली आणि बीथोवन व मेंडेल्सोन या दोघांनीही तिच्यावर संगीतरचना केल्या. नाव आहे ‘शांत समुद्र आणि सुखाचा प्रवास’. आपल्याला वाटतं की दोन्ही एकच. पण त्या काळी ती दोन विरुद्ध चित्रं होती. आधी जीवघेणी स्तब्धता, मग वारा सुटतो आणि सुटका होते.

वाफेची इंजिनं आली आणि ही भीती विसरली गेली. पण ज्यांना वाऱ्याची गरज असते त्यांच्यासाठी शांतता आजही संकटच असते. लंडनकरांनी हे १९५२ च्या डिसेंबरात भोगलं. ५ ते ९ तारखेपर्यंत शहरावर जास्त दाबाची हवा ठाण मांडून बसली. वारा नाही. थंड हवा खाली आणि गरम हवा वर, जणू शहरावर झाकण घातलेलं. लाखो घरांच्या शेगड्यांतला आणि वीजकेंद्रांतला कोळशाचा धूर त्या झाकणाखाली कोंडला. तेव्हा सरकारी अंदाज होता ४,००० मृत्यू, नंतरच्या अभ्यासांनी हा आकडा १२,००० च्या आसपास नेला. चार वर्षांनी, १९५६ मध्ये, ब्रिटनमध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. दिल्लीचा हिवाळा आणि अलीकडे मुंबईचाही, त्याच झाकणाची आठवण करून देतो.

आणि आता पवनचक्क्यांच्या युगात शिडांची ती जुनी चिंता परत आली आहे. जर्मनांनी तिला नवीन नाव दिलं आहे, ‘डुंकेलफ्लाउटे’, म्हणजे अंधारी निर्वातता. हिवाळ्यात ढगांमुळे सूर्य नाही आणि वाराही पडलेला, असे लागोपाठ काही दिवस. वाऱ्यातली ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग निम्मा झाला की ऊर्जा थेट एक अष्टमांश! त्यात सेकंदाला तीन-चार मीटरच्या खाली बहुतेक पवनचक्क्या फिरतच नाहीत. नोव्हेंबर आणि डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीवर अशी पाळी आली आणि बाजारातले विजेचे दर काही तासांसाठी गगनाला भिडले. बोफर्टच्या शून्याला पुन्हा किंमत आली, आणि ती युरोत मोजता येते.

चमचाभर तेल

‘काऽम’ हे इंग्रजीत क्रियापदही आहे, शांत करणे. समुद्र शांत करायचा एक उपाय खलाशांना फार पूर्वीपासून ठाऊक होता, पाण्यावर तेल ओतायचं. इंग्रजीत भांडण मिटवण्याला ‘खवळलेल्या पाण्यावर तेल ओतणे’ असं म्हणतात. आपण आगीत तेल ओततो, हे पाण्यात ओततात!

बेंजामिन फ्रँकलिननं हे करून पाहिलं. लंडनमधल्या क्लॅपहॅमच्या तळ्यावर, वारा वाहत असताना, त्यानं जेमतेम एक चमचा तेल टाकलं. तेल झपाट्यानं पसरलं आणि जवळजवळ अर्धा एकर पाणी काचेसारखं गुळगुळीत झालं. १७७४ मध्ये त्याचा हा वृत्तांत रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला.

आता एक छोटा हिशोब तुम्हीच करा. चमचा म्हणजे सुमारे ५ घन सेंटिमीटर. अर्धा एकर म्हणजे सुमारे २,००० चौरस मीटर. भागाकार केला की थराची जाडी येते अडीच नॅनोमीटर, म्हणजे तेलाच्या एका रेणूच्या लांबीएवढी! फ्रँकलिननं हा भागाकार केला नाही. तो केला असता तर रेणूचं माप कळायला शंभरावर वर्षं लागली नसती. पुढे जर्मनीत ऍग्नेस पॉकेल्स या तरुणीनं घरची भांडी घासता घासता पाण्यावरच्या तवंगाचे प्रयोग स्वयंपाकघरातच केले. तिला विद्यापीठाचं शिक्षण मिळालेलं नव्हतं. तिनं लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञाला पत्र लिहिलं आणि त्यानं ते १८९१ मध्ये ‘नेचर’मध्ये छापायला दिलं. पृष्ठभागांच्या शास्त्राची पायाभरणी या पत्रानं केली.

पण रेणूभर जाडीचं तेल लाटांना थोपवतं कसं? ते मोठ्या लाटा थोपवत नाहीच. वारा आधी पाण्यावर बारीक सुरकुत्या पाडतो आणि मग त्या सुरकुत्यांना धरून ढकलतो. तेलाचा तवंग एका ठिकाणी ताणला की तिथला पृष्ठताण वाढतो आणि पाणी मागे ओढलं जातं. त्यामुळे सुरकुत्या उठताक्षणी विरतात आणि वाऱ्याला धरायला काही उरत नाही.

मन निवणं

सोळाव्या शतकात, म्हणजे समुद्रावर दोनेकशे वर्षं काढून, ‘काऽम’ माणसांच्या मनात शिरला. तोवर त्याच्या अंगावरचं ऊन पार उतरलं होतं. आज ‘काऽम’ म्हणजे थंड, गार, स्थिर.

मराठीनं याच ठिकाणी यायला वेगळी वाट धरली. आपण चहा निवू देतो आणि लेकराला कुशीत घेतल्यावर आपला जीव निवतो. निवणं म्हणजे थंड होणं आणि शांत होणं, दोन्ही. या क्रियापदाचं मूळ संस्कृतातल्या ‘निर्वा’मध्ये आहे, म्हणजे विझणं. त्याच मुळातून ‘निर्वाण’ आलं. ‘निवात’ म्हणजे वारा नसलेली जागा. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या चित्ताला अशा जागेतल्या न हलणाऱ्या दिव्याची उपमा दिली आहे. ग्रीक खलाशाच्या वारसाला आणि आपल्याला, दोघांनाही मनाची शांतता सांगायला वारा पडणंच आठवलं. फक्त एकाकडे ती पेटण्यातून आली आणि दुसऱ्याकडे विझण्यातून.

यातलं कोण बरोबर? मेंदूपुरतं सांगायचं तर ग्रीक शब्द जास्त जवळ जातो. मेंदूचं वजन शरीराच्या फक्त २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीराच्या ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा तो खातो. तुम्ही डोळे मिटून शांत पडलात तरी हा खर्च फारसा उतरत नाही. अवघड गणित करायला घेतलंत तरी तो साधारण पाच टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही. अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवून दिलं की आपण काहीच करत नसतो तेव्हा मेंदूचे काही ठरावीक भाग उलट जास्त गुंतलेले असतात. गीतेतला दिवाही विझलेला नाहीच. तो जळतो आहे, फक्त हलत नाही.

आणि म्हणूनच ‘काऽम डाऊन’ हा हुकूम सहसा फसतो. चिडलेल्या माणसाला तो सांगून पाहा, हमखास आणखी चिडतो. या गोष्टीत आपण पाहिलेली एकही शांतता हुकमानं आलेली नाही. ती दुपारच्या सावलीनं आली, वाऱ्याची दिशा बदलल्यानं आली, तेलाच्या तवंगानं आली. शरीराचंही तसंच आहे. हृदयाला थेट ‘सावकाश चाल’ असं सांगता येत नाही, पण श्वास आपल्या हातात असतो. श्वास सोडताना मेंदूकडून हृदयाकडे जाणारी व्हेगस ही नस आपला जोर वाढवते आणि ठोके जरा मंदावतात. श्वास घेताना ते पुन्हा वेग घेतात. मिनिटाला साधारण सहा श्वास, त्यात सोडणं लांब, असं केलं तर हा झोका सर्वात मोठा होतो. मनगटावर बोटं ठेवून आत्ताच करून पाहा. काही मिनिटं पुरतात.

तेव्हा घरात किशोरवयीन मुलगा दार आपटेल किंवा व्हिडिओ कॉलवर पलीकडून आई-बाबांचा आवाज चढेल, तेव्हा ‘शांत हो’ म्हणण्याऐवजी थोडी सावली करता येते का ते पाहा. पाणी द्या, आवाज खाली आणा, जरा वेळ जाऊ द्या. फ्रँकलिनचं तेल मोठ्या लाटांशी भांडत बसलं नाही, बारीक सुरकुत्या तेवढ्या त्यानं उठू दिल्या नाहीत. आणि दुपारी डुलकी लागलीच, तर घरच्यांना सांगा की तुम्ही एका जुन्या शब्दाची व्युत्पत्ती तपासत होतात.